न लुटलेलं वाण

जानेवारी लागला की आमच्या सोसायटीच्या मराठी ग्रुपवर हळदीकुंकवाचे मेसेज सुरू होतात. यंदाही आला. 'शनिवारी संध्याकाळी क्लबहाउसमध्ये. काळी साडी. काँट्रिब्यूशन ऑनलाइन पाठवा, रिटर्न गिफ्ट कमिटी ठरवेल.' वाणाला रिटर्न गिफ्ट म्हणणाऱ्या मुलींशी भांडायचं नाही, असं मी दर वर्षी ठरवते. दर वर्षी ग्रुपवर काहीतरी खरमरीत लिहिते आणि पाठवायच्या आधी पुसून टाकते. चांगल्या आहेत हो पोरी. दिवसभर ऑफिसात राबून वर हे सगळं हौसेने करतात. पैसेही पाठवले मी मुकाट्याने, किती ते नीट न बघताच.

मेसेज आला तेव्हा आई बाल्कनीत मटार सोलत बसली होती. गुरुग्राममध्ये थंडीचं ऊन दोन टॉवरच्या फटीतून येतं आणि लगबगीने निघून जातं. ते सरकेल तशी आई खुर्ची सरकवत राहते. मांडीवर शेंगांची पिशवी, हातात एक जुनी प्लॅस्टिकची वाटी. कधीकाळी ती केशरी होती, आता तिला रंग म्हणावा असा रंग उरलेला नाही. मी किती काचेचे बाऊल आणून दिले, पण मटार सोलायला हीच लागते.

"मटार उतरला का गं?" तिने विचारलं.

"उतरला असेल."

"असेल म्हणजे? तू आणलास ना?"

मी आणला नव्हता, फोनवरून मागवला होता, आणि भाव बघितला नव्हता. हे आईला कितीही वेळा सांगितलं तरी पटत नाही. भाव न विचारता भाजी घेणारी बाई तिच्या लेखी एक तर राणी असते नाहीतर वेडी. मी राणी नाही हे तिला माहीत आहे.

पण तिचा प्रश्न बरोबर असतो. दिल्लीकडची थंडी म्हणजे भाव उतरण्याचे दिवस. मटार, फ्लॉवर, मेथी, ती लालभडक लांबलचक गाजरं, सगळं एकदम बाजारात येतं आणि ठेलेवाल्यांचा आवाजसुद्धा मऊ होतो. लहानपणी आमच्याकडे खरी श्रीमंती पौषातच यायची. मटाराची उसळ, मटाराचा भात, मटाराच्या करंज्या, आणि ओटीत घालायला हरभऱ्याचे घाटे, बोरं, उसाचे करवे. बाबा म्हणायचे, "वर्षभर माझा पगार पुरत नाही, पण या महिन्यात मी साहेब असतो." आणि नेमक्या या साहेबी महिन्यात संक्रांत यायची आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आईचं हळदीकुंकू.

बाबा गेल्यापासून आई हळदीकुंकवाला येत नाही. मी यावरून तिच्याशी मनसोक्त भांडून घेतलंय. इथे सगळ्यांना बोलावतात, कुणी वाकडं बघत नाही, सगळं सांगून झालं. ती नाही म्हणजे नाही. "मला कशाला? तू जा. ओटीतला ऊस तेवढा आण." पण खरं सांगू का, तिचं हळदीकुंकू बाबांमुळे थांबलेलंच नाही. ते बाबा धडधाकट असताना थांबलं, नोएडात, कांद्याच्या वर्षी.

नोएडात आम्ही राहायला गेलो तेव्हा तिथे सेक्टरांना नंबर होते आणि झाडांना अजून सावली नव्हती. रस्ते मात्र रुंद. एवढ्या रुंद रस्त्यावर जायला वाहनंच नव्हती, त्यामुळे आम्ही पोरं मधोमध बॅडमिंटन खेळायचो. मागच्या प्लॉटवर मोहरीचं शेत होतं, तिथे सकाळी धुक्यात नीलगाई उभ्या असत. बाबा एका कारखान्यात अकाउंट्स बघायचे. टीव्हीचे सुटे भाग बनवायचा तो कारखाना. देश खुला झाला, सगळे म्हणाले आता बघा, आता घराघरात रंगीत टीव्ही येणार. ते खरं झालं. घराघरात टीव्ही आले, फक्त त्यांच्यात आमच्या कारखान्याचे भाग नव्हते.

आईला त्या सेक्टरात बोलायला कुणी नव्हतं. शेजारणी चांगल्या होत्या, पण आईचं हिंदी तेव्हा भाजीपुरतंच होतं. एकदा ती दुधाच्या बूथवर रांगेत उभी होती. टोकन टाकलं की नळातून दूध यायचं, ते बूथ. खिडकीवर नव्या भावाची पाटी लागलेली बघून ती स्वतःशीच म्हणाली, "अगं बाई, परत वाढलं!"

मागून आवाज आला, "वाढणारच. खाली यायला ते काय मटार आहेत?"

त्या शालनकाकू. आई गर्रकन वळली ती अशी की हातातली किटली मागच्या सरदारजींना लागली. दोघी रांग सोडून तिथेच बोलत उभ्या राहिल्या, आणि दूध संपलं. त्या दिवशी आम्ही कोरा चहा प्यायलो आणि आई दिवसभर गाणं गुणगुणत होती. भाव वाढला म्हणून आईला मैत्रीण मिळाली. हे मला तेव्हा गमतीचं वाटायचं.

शालनकाकू आमच्या मागच्याच घरांच्या रांगेत राहायच्या. त्यांचे यजमान दिल्लीत केंद्र सरकारच्या कचेरीत होते, चार्टर्ड बसने जायचे-यायचे. मुलगी मेधा माझ्याच वर्गात. पहिल्या आठवड्यात दोघी "अहो सुमनताई, अहो शालनताई" करत होत्या, महिन्याभरात "ए सुमन, अगं शालन" झालं. काकूंचं बोलणं फटकळ होतं आणि हसणं मोठं. आई त्यांच्यासोबत असली की तीही मोठ्याने हसायची. घरी ती तशी हसत नसे.

संक्रांतीच्या आधी दोघी मिळून वाण आणायला दिल्लीतल्या सदर बाजारला जायच्या. सुट्टी असली तर मला आणि मेधाला न्यायच्या, पिशव्या धरायला. दोन बस बदलून, धक्के खात, त्या गल्ल्यांमध्ये शिरायचं. तिथे सगळं डझनाने मिळे. आईला ते दुकानदार घाबरवायचे, काकूंना नाही.

"भैया, ये वाटी कितने को दी?"

"बहनजी, फिक्स रेट है."

"फिक्स? फिक्स तो हमारा पगार है!"

दुकानदार हसायचा आणि हसला की भाव उतरवायचा. येताना दोघी एका कागदी पुडीतले गरम शेंगदाणे खायच्या आणि बसमध्ये डुलक्या काढायच्या. सुगडं तिकडे मिळत नसत, म्हणून त्या चहाचे कुल्हड धुऊन त्यांना हळदीकुंकवाची बोटं ओढायच्या. चिक्कीचा गूळ पुण्याहून कुणी आलं तर यायचा. नाहीतर तिथल्या गुळाची वडी अशी कडक व्हायची की बाबा विचारत, "ही खायची आहे का दाराला लावायची आहे?"

आसपासच्या सेक्टरांतल्या सगळ्या मराठी बायका आमच्या पुढच्या खोलीतल्या एका सतरंजीवर मावायच्या. पण काय मावायच्या! अत्तर, गुलाबपाणी, काकूंचं उखाण्यातलं चावट काहीतरी, आणि मग आई ताट घेऊन उठायची आणि वाण लुटायला लागायची. लुटायचं म्हणतात त्याला, वाटायचं नाही. ऐटीत, हात मोकळा सोडून, आपल्याकडे भरपूर आहे म्हणून. वर्षभर पै-पैचा विचार करणारी माझी आई त्या एका संध्याकाळी लुटवायची. तेव्हाचा तिचा चेहरा मला अजून दिसतो.

सकाळी रेडिओवर बातम्यांत महागाईचा निर्देशांक सांगत. बाबा चहा पिताना तो ऐकत आणि बटण फिरवून बंद करत. आमच्या घराला तो ऐकायची गरज नव्हती. आमच्याकडे वाण होतं. पहिल्या वर्षी आईने स्टीलच्या वाट्या लुटल्या. मग स्टीलचे चमचे झाले. मग प्लॅस्टिकच्या गाळण्या, मग साबणाच्या वड्या, आणि त्यानंतर कंगवे. ओटीतला ऊस मात्र तेवढाच राहिला, गाजरं तेवढीच राहिली, थंडी इमान राखून होती. दर वर्षी सदर बाजारातून येताना पिशवी हलकी व्हायची आणि आम्हा मुलींना वाटायचं, वा, बरं झालं, ओझं कमी.

मग ते कांद्याचं वर्ष आलं. दिवाळीच्या सुमाराला कांदा असा भडकला की लोक त्याच्यावर विनोद करायला लागले, आणि विनोद करून कंटाळले. भाजीवाला कांदे ठेल्याच्या वर नाही, खाली पोत्यात झाकून ठेवायचा. निवडणुकीची भाषणं कांद्यावर झाली. आमच्याकडे आईने फोडणीतून कांदा काढला आणि कोबी बारीक चिरून घालायला लागली. बाबांनी एवढंच म्हटलं, "आज पोहे वेगळे लागतायत." आई म्हणाली, "हो, गुजराती पद्धत आहे." बिचारे गुजराती.

कांदा एकटाच वाढला असता तर निभलं असतं. त्याच्यामागून डाळ, तेल, गॅस, माझ्या शाळेच्या बसचं भाडं, सगळं आलं. आणि कारखान्यात ओव्हरटाइम बंद झाला. आईने घरातलं एकेक कमी करत नेलं. आधी फळं गेली. मग पेपर बंद झाला, "कोण वाचतो, संध्याकाळपर्यंत सगळं कळतंच." मग बाबांची स्टँडपासूनची रिक्षा गेली, "चालणं चांगलं असतं तब्येतीला." माझा स्वेटर उसवून, बाह्यांना वेगळी लोकर जोडून पुन्हा विणला गेला आणि ती नवी फॅशन असल्याचं मला सांगण्यात आलं. हे सगळं आई हसतखेळत करायची. तिला त्याचा त्रास होत असेल असं मला वाटलंच नाही. पौषापर्यंत कांदा उतरला, पण त्याच्याबरोबर काहीच उतरलं नाही. आणि एकदा आवळलेला हात तेवढ्यासाठी सैल होत नाही.

त्या काळात कंपन्यांनी एक नवं खूळ काढलं होतं. भाव वाढवायचे आणि वर काहीतरी फुकट द्यायचं. पावडरबरोबर चमचा, टूथपेस्टबरोबर ब्रश. आईच्या चहाच्या पुड्याबरोबर एक केशरी प्लॅस्टिकची वाटी यायची. आई त्या वाट्या वापरायची नाही, धुऊन, पुसून माळ्यावर ठेवायची. मला वाटायचं आईला त्या आवडतात. शेजारणीच्या पुड्यावरची वाटीसुद्धा तिने मागून आणली होती. संक्रांत जवळ आली तेव्हा तिने सगळ्या खाली काढल्या, ओळीने मांडल्या आणि प्रत्येकीत तिळगूळ ठेवून कशा दिसतात ते बघितलं. छान दिसत होत्या. मी म्हटलंसुद्धा, "आई, मस्त! सदरला जायला नको."

आईने वाटी उलटी करून बघितली. बुडाशी चहाच्या कंपनीचं नाव होतं, उठावाच्या अक्षरात. तिने ते सुरीने खरवडायचा प्रयत्न केला. अक्षरं गेली, पण तिथे ओरखडे उठले आणि ते अक्षरांहून जास्त दिसायला लागले.

"प्रत्येकीच्या घरी हाच चहा येतो," ती म्हणाली. "बघताक्षणी ओळखतील."

सगळ्या वाट्या परत माळ्यावर गेल्या. तोवर सदर बाजाराचं नाव ना तिने काढलं ना काकूंनी. मला आठवतं, शाळेतून येताना मी एकदा विचारलं होतं की यंदा काकूंबरोबर जायचं नाही का, तर आई म्हणाली, "ती गेली असेल जाऊन. त्यांना काय, महागाई भत्ता मिळतो. भाव वाढले की त्यांचा पगारही वाढतो. आपलं तसं नाही बाई." तिच्या बोलण्यात आकस नव्हता. तिने फक्त स्वतःला एका बाजूला उभं केलं होतं आणि काकूंना दुसऱ्या.

यंदा हळदीकुंकू करायचं नाही, हे ठरलं. पण एवढ्यावर ते थांबत नाही ना! आपण करायचं नाही म्हणजे दुसरीकडे जायचंही नाही. "घ्यायचं आणि द्यायचं नाही, हे कसं दिसेल?" आई म्हणाली. कुणी बोलवायला आलं तर नाही म्हणायला कारण हवं, आणि आईला खोटं बोलता येत नव्हतं. कोबीच्या पोह्यांपुरतं यायचं, तेवढंच. मग तिने सोपा मार्ग काढला. संक्रांतीपासून संध्याकाळी पुढच्या खोलीतला दिवा लावायचा नाही. आम्ही तिघं मागच्या खोलीत, दार ओढून बसायचो. मी अभ्यास करायचे, बाबा रेडिओ अगदी बारीक लावायचे. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, घरी कुणी नाही.

एकदा बेल वाजली. दिवेलागण झाली होती, धुकं उतरलं होतं. मी उठले तर आईने माझं मनगट धरलं आणि ओठांवर बोट ठेवलं. बेल पुन्हा वाजली. बाबांनी रेडिओ बंद केला. आई ओढलेल्या दाराकडे बघत होती. मग जिन्यावरून पावलं उतरत गेली, हळूहळू.

"शालन होती," आई म्हणाली. "बोलवायला आली होती."

"कशावरून?" बाबांनी विचारलं.

"तिची पावलं मला कळतात."

त्या रात्री तिने जेवायला चौघांची पानं घेतली. बाबांनी चौथं ताट उचलून ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून आई त्या दुधाच्या बूथवर जाईना. काकू भेटल्या तर काय सांगायचं? पहाटे, पार पलीकडच्या सेक्टरातल्या बूथवरून दूध यायला लागलं. शाळेत मेधा माझ्याशी नेहमीसारखी बोलायची, पण हळदीकुंकवाचं काही बोलायची नाही, आणि मीही नाही. मुलींना बरोबर कळतं कशाबद्दल बोलायचं नाही ते. एकदोनदा आईला काकू लांबून दिसल्या, तेव्हा दोघींनी माना हलवल्या आणि आपापल्या वाटेने गेल्या. आई घरी येऊन म्हणाली, "रागावली आहे. रागावणारच. दारात येऊन परत गेली बिचारी." मग जरा वेळाने, "उन्हाळ्यात जाईन मी तिच्याकडे. कैरीचं पन्हं घेऊन जाईन."

उन्हाळ्याआधी घरमालकाने भाडं वाढवलं. नोएडाला भाव आला होता म्हणे. आम्ही गाझियाबादला गेलो, रेल्वेलाइनच्या पलीकडे, स्वस्त घर बघून. निघताना आई काकूंच्या रांगेपर्यंत गेली आणि परत आली. "कुलूप आहे," म्हणाली. होतं का नव्हतं, देव जाणे. आमच्याकडे फोन नव्हता, त्यांच्याकडे होता की नाही आठवत नाही. मधे पंधरावीस किलोमीटरचं अंतर, पण दोन बस आणि एक टेम्पो. तेवढ्याने माणूस दुरावतं यावर आज माझ्या मुलीचा विश्वास बसत नाही. तिला वाटतं, मेसेज टाकायचा ना यार.

गाझियाबादला आईने पुन्हा हळदीकुंकू केलं नाही. पुढे बाबांना बरी नोकरी लागली, मग मला लागली, घरात स्टील काय, चांदीच्या वाट्या लुटता आल्या असत्या. मी मागे लागले की ती म्हणायची, "आता कुणाला बोलवायचं?" तिला नव्या ओळखी करता आल्या नाहीत असं नाही. पण ती कुणाला अगं म्हणाली नाही. शालनकाकूंचं नाव वर्षातून एकदा, याच दिवसांत निघायचं. "दारात आली होती गं, आणि मी दिवासुद्धा लावला नाही." दर वर्षी तेच वाक्य. मला त्याचा राग यायचा. किती उगाळायचं माणसाने!

शनिवारी मी काळी साडी नेसून क्लबहाउसमध्ये गेले. छान सजवलं होतं. रिटर्न गिफ्ट म्हणून सुवासिक मेणबत्त्या होत्या. माझ्या बाजूला एक बाई बसली होती, आमच्या सोसायटीतल्या कुणाची तरी वहिनी, पाहुणी म्हणून आलेली. ती माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. ती म्हणाली, "तू सुमनकाकूंची ना?" आणि हसली. ते हसणं काकूंचं होतं, अगदी तसंच मोठं.

मेधा! आम्ही दोघी कोपऱ्यात जाऊन बसलो. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या, हे तिने आधी सांगितलं. मला एकदम गलबलून आलं. मनात आलं, आता आईला काय सांगू. मग मी तिला म्हटलं, "माझी आई अजून बोलते त्या दिवसाबद्दल. काकू बोलवायला आल्या होत्या आणि आम्ही दार उघडलं नाही. दिवा बंद करून बसलो होतो. तिला फार लागून राहिलंय ते."

मेधा माझ्याकडे बघतच राहिली. "कुठल्या वर्षी?"

"कांद्याच्या."

"कांद्याच्या वर्षी आईने हळदीकुंकू केलंच नाही," ती म्हणाली. "आम्ही कुठे आलो तुमच्याकडे? आम्हीच पुढच्या खोलीत अंधार करून बसलो होतो. तुम्ही याल म्हणून."

मग तिने सगळं सांगितलं. त्यांनी तेव्हा एका सोसायटीत फ्लॅट बुक केला होता. लोखंड महागलं, सिमेंट महागलं, बिल्डर दर सहा महिन्यांनी नवा आकडा पाठवायचा. भत्ता यायचा तो तिकडे जायचा. काकू म्हणायच्या, "सुमनचं बरं आहे बाई, कंपनीवाले. दिवाळीला बोनस घेतात." वाण आणायला पैसे नव्हते, म्हणून त्यांनी काय केलं होतं? चहाच्या पुड्यांवरच्या वाट्या साठवल्या होत्या.

"केशरी," मी म्हटलं.

"केशरी," मेधा म्हणाली. "आणि मग लाज वाटली तिला. म्हणाली, सुमन लगेच ओळखेल. दूधसुद्धा तिने भैयाकडून सुरू केलं, बूथवर सुमनकाकू भेटतील म्हणून. आई नेहमी म्हणायची, मी बोलावलं नाही म्हणून सुमन रागावली, न सांगता निघून गेली."

आम्ही दोघी हसायला लागलो आणि मग हसू येईना. त्या वर्षी त्या सेक्टरात कुणीच हळदीकुंकू केलं नसेल, असं आता मला वाटतं. एकेका घरात एकेक बाई पुढचा दिवा मालवून बसली असेल, बाकीच्या कुठेतरी सतरंजीवर जमल्या आहेत असं समजून. आणि माळ्यावर प्रत्येकीच्या त्याच केशरी वाट्या. निर्देशांकात डाळ धरतात, तेल धरतात, घरभाडं धरतात. एकीने दुसरीकडे जाणं थांबवलं तर ते कुठे धरतात? भाव सगळ्यांना सारखेच वाढले होते, लाज मात्र जिची तिने एकटीने सोसली. दोघींपैकी एकीने जरी "यंदा जमत नाही गं" एवढं म्हटलं असतं तर! काकू म्हणाल्या असत्या, "मलाही नाही जमत, चल, मटार सोलू." अख्खं म्हातारपण दोघींनी एकमेकींच्या सोबतीने काढलं असतं. मला रडू आलं ते त्याचं.

घरी येताना मात्र मला एका गोष्टीचा आनंद होत होता. आईच्या मनातलं इतक्या वर्षांचं ओझं मी उतरवणार होते. काकू गेल्या हे सांगावं लागणारच होतं, पण त्याबरोबर हेही सांगता येणार होतं की तिने कुणालाच दारातून परत पाठवलं नव्हतं.

रविवारी ऊन आलं तशी आई बाल्कनीत बसली. मी ओटीतला ऊस तिच्यासमोर ठेवला आणि सांगितलं. काकू गेल्याचं ऐकून तिने डोळे मिटून हात जोडले. मग मी बाकीचं सांगितलं. फ्लॅट, भत्ता, बूथ, अंधार. वाट्यांचं ऐकलं तेव्हा तिने मांडीवरच्या वाटीकडे बघितलं आणि तिच्या बुडाच्या ओरखड्यांवरून अंगठा फिरवला.

"मग बेल कुणी वाजवली होती?" तिने विचारलं.

"केबलवाला असेल गं. नाहीतर रद्दीवाला. शालनकाकू नव्हत्या, हे नक्की. मेधाने अगदी ठामपणे सांगितलं. तू कुणालाही परत पाठवलं नाहीस आई. उगाच इतकी वर्षं मनाला लावून घेतलंस."

ऊन सरकलं होतं, पण आईने खुर्ची सरकवली नाही.

"म्हणजे ती आलीच नव्हती," ती म्हणाली.

"नाही ना."

"मला आपलं वाटायचं," आई म्हणाली, "निदान ती आली तरी होती."